जुगुप्सेचा सराव

मराठी वाचकाला कुत्रा काही परका नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत आणि ते चार वेद होत, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव बालपणीच्या गोष्टींतून भेटतात. रायगडावर वाघ्याची समाधी आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली या कथेच्या ऐतिहासिकतेबद्दल वाद आहे, पण कथा म्हणून ती लोकमनात पक्की बसली आहे. या साऱ्या कुत्र्यांत एक गोष्ट समान आहे: ते म्हातारे होत नाहीत. ते एक तर प्रतीक असतात, किंवा निष्ठेचा एकच झगझगीत क्षण देऊन कथेतून निघून जातात. त्यांचे दात पडत नाहीत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत नाही, आणि त्यांच्या शेपटीखाली काय चालले आहे याची चौकशी करण्याची वेळ कोणावर येत नाही.

आमच्यावर ती वेळ गेली दोन वर्षे दर पाच-सहा आठवड्यांनी येते आहे. आमचा सोन्या आता १२ वर्षांचा झाला. तो पांढरा, केसाळ, स्पिट्झ वळणाचा आहे; नागपुरात अशा प्रत्येक कुत्र्याला 'पामेरियन' म्हणण्याची रीत आहे, तेव्हा तोही पामेरियनच. त्याचे दुखणे जीवघेणे नाही, आणि म्हणूनच ते संपत नाही.

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या कडेला, आतल्या बाजूस, दोन लहान पिशव्या असतात. गुदद्वार हे घड्याळाची तबकडी मानले तर त्यांची जागा ४ आणि ८ या आकड्यांपाशी येते. त्यांच्यात एक उग्र वासाचा स्राव साठतो. निरोगी कुत्र्यात घट्ट मल बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येतो आणि स्रावाचे काही थेंब त्याबरोबर निघून जातात. कुत्र्यांच्या जगात ती स्वाक्षरी आहे. एकमेकांना भेटताना ते प्रथम जेथे नाक लावतात, तेथे ती वाचता येते. मल वारंवार सैल होत असेल, अंगावर चरबी चढली असेल, त्वचेची अ‍ॅलर्जी असेल, तर पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत. स्राव घट्ट होतो, नळी तुंबते, जंतूंचा शिरकाव होतो, गळू धरते. आणि वेळीच लक्ष गेले नाही तर ते गळू शेजारच्या त्वचेतून फुटते. लहान चणीच्या जातींत हा त्रास अधिक आढळतो.

हे सारे इतक्या सरळपणे लिहिण्यास आम्हांला वेळ लागला, कारण आरंभी आमच्याजवळ शब्दच नव्हते. आम्ही दोघेही साहित्य शिकवतो. शब्द हा आमचा व्यवसाय. तरीही दवाखान्यात पहिल्या दिवशी "त्याला जरा मागच्या बाजूला त्रास होतो" यापलीकडे आमची मजल गेली नाही. मराठीत या अवयवासाठी एक तर शिवी आहे, किंवा संस्कृत आहे, किंवा इंग्रजीचा आडपडदा. मधली, घरातली, रोजच्या वापराची पायरी सुशिक्षित बोलीतून नाहीशी झाली आहे. ती आमच्या घरी होती, पण आईंजवळ. आई ८३ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे माहेर यवतमाळकडचे. सोन्या बसल्या बसल्या पुढच्या पायांनी शरीर ओढत फरशीवर घासू लागला, तेव्हा आम्ही जंत, खरूज असे तर्क करीत होतो. आई म्हणाल्या, "अरे, त्याले तिथं दुखून रायलं. उगीच कायले ढुंगण घासन तो?" निदान इतकेच होते. डॉक्टरांनी हातमोजा घालून तेच सांगितले.

आपल्या परंपरेत ही भीड पूर्वीपासून होती असे मात्र नाही. सुश्रुताने ज्या आठ दुर्धर रोगांना 'महागद' म्हटले, त्यांत अर्श आहे आणि भगंदरही आहे. गुद, त्याच्या वळ्या, तेथील व्रण, शस्त्रकर्म यांचे वर्णन तो ज्या स्वरात करतो, त्याच स्वरात डोळ्याचेही करतो. लाजेचा वास त्या गद्याला नाही.

डॉक्टरांच्या तोंडचा शब्द आणखी गमतीचा निघाला. पिशव्या दाबून रिकाम्या करण्याला ते 'ग्लँड एक्स्प्रेस करणे' म्हणतात. 'एक्स्प्रेशन' म्हणजे अभिव्यक्ती, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. येथे तो शब्द आपल्या मूळ लॅटिन अर्थाने, म्हणजे दाबून बाहेर काढणे या अर्थाने, टेबलावर उभा होता. आपला 'रस' तरी काय, पिळल्यावर निघतो तोच. आणि गंधाचे म्हणाल तर कस्तुरी हाही एका प्राण्याच्या पिशवीतला स्रावच आहे. नर कस्तुरीमृगाच्या नाभी आणि जननेंद्रियाच्या मध्ये ती पिशवी असते. जवादी मांजराच्या शेपटीखालचा स्राव शतकानुशतके अत्तरांत गेला. कस्तुरी देवाच्या कपाळी चढली, जवादी श्रीमंतांच्या मनगटावर. कुत्र्याच्या वाट्याला असे काही आले नाही. त्याचा स्राव नासलेल्या मासळीसारखा येतो, आणि तो एकदा चादरीला लागला की दोन धुण्यांनीही पुरता जात नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात डाव्या बाजूचे गळू फुटले. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास, खिडकीत घरघरणारा कूलर, आणि त्या ओलसर हवेत पू आणि रक्त यांचा मिसळलेला वास. सोन्या शेपटी खाली दाबून कोपऱ्यात बसून होता आणि जवळ गेलो की, १० वर्षांत प्रथमच, आमच्यावर गुरगुरत होता. त्या दिवशी गुंगी देऊन पिशवी धुतली गेली. पुढे प्रतिजैविके, दिवसातून तीनदा कोमट पाण्याचा शेक, आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू. आमच्यापैकी एकाला पहिल्या दोन शेकांच्या वेळी ओकारी आली.

भरताने बीभत्स रसाचा स्थायी भाव जुगुप्सा सांगितला आणि त्याचे प्रकारही पाडले: रक्तादिकांमुळे होणारा तो क्षोभज, विष्ठा आणि कृमी यांमुळे होणारा तो उद्वेगी. परीक्षेत हा प्रश्न आम्ही अनेकदा विचारला आहे. शेक देताना दोन्ही प्रकार एकाच कापसाच्या बोळ्यावर होते. रस मात्र नव्हता. रसासाठी अंतर लागते. रंगमंचावरच्या स्मशानातील आतडी पाहताना प्रेक्षक आपल्या आसनावर सुरक्षित असतो. ती जुगुप्सा कोणा एकाची नसते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. येथे आस्वादक कोणी नव्हता. प्रेमाने किळस जिंकली जाते, असे सांगण्याची ललित लेखनात पद्धत आहे. आमचा अनुभव तसा नाही. सोन्यावर आमचे प्रेम ओकारी येण्याच्या क्षणीही होते, आणि त्याने ओकारी थांबली नाही. ती थांबली आठव्या-नवव्या शेकानंतर, सरावाने. हाताला काम कळले की नाक मागे हटते. पाचव्या दिवशी आम्ही बोळ्यावरचा रंग पाहून पू कमी झाला की नाही हे आपापसांत बोलत होतो, आणि तेच बोलणे जेवणाच्या ताटावरही चालू राहिले, याचे आईंनाच काय ते आश्चर्य वाटले.

त्यानंतर आम्ही हे काम शिकून घेतले. पिशवीच्या खालून वर, नळीच्या तोंडाकडे, हलका दाब; जोर करायचा नाही; दुखत असेल, सूज किंवा लाली असेल तर हात लावायचा नाही, दवाखाना गाठायचा. गरज नसताना वारंवार दाबल्यानेही त्या नाजूक जागेला इजा होते. निरोगी स्राव पातळ, पिवळट तपकिरी असतो. दाट, लगद्यासारखा झाला तर तुंबण्याची सुरुवात समजावी. हिरवट किंवा लालसर दिसला तर जंतुसंसर्ग. भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टी आणि गॅस सिलिंडर यांच्या नोंदींबरोबर आता 'सो.' अशी एक खूण असते. खाण्यातही बदल झाला. रविवारच्या तर्री-पोह्यांतला त्याचा वाटा बंद झाला, बिस्किटे गेली, दोन किलो वजन उतरले. जेवणात थोडे इसबगोल, भरपूर पाण्यासह, आणि उकडलेला लाल भोपळा आला. डॉक्टर पुण्याकडचे, ते 'भोपळा' म्हणाले. आमच्या बाजारात त्याला कोहळे म्हणतात. गोकुळपेठेतला भाजीवाला आता 'कुत्र्याचे कोहळे' म्हणून वेगळी फोड काढून ठेवतो.

प्रश्न उरला शस्त्रक्रियेचा. गळू फुटल्यापासूनच्या काळात डावी पिशवी आणखी दोनदा तुंबली. अशा वेळी दोन्ही पिशव्या काढून टाकणे हा कायमचा उपाय असतो. पण त्या ज्या स्नायूंच्या मध्ये बसलेल्या असतात, तेच मलावर ताबा ठेवणारे स्नायू. तेथील नसेला इजा झाली तर तो ताबा जाऊ शकतो, बहुधा काही काळापुरता, क्वचित कायमचा. शिवाय १२ वर्षांच्या देहाला भूल. आणि दुसऱ्या बाजूस आणखी एक भीती: म्हाताऱ्या कुत्र्यांत याच पिशवीत कर्करोगाची गाठ होते, ती आरंभी वाटाण्याएवढी असते, आणि तिच्यामुळे रक्तातले कॅल्शियम वाढून तहान व लघवी वाढते. तुंबलेली पिशवी समजून अशा गाठीकडे दुर्लक्ष होऊ शकते.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे, एकदाच काय ते उरकावे. दर महिन्याला त्याला धरून ठेवताना त्याची जी नजर होते ती किती वेळा पाहायची? दुसऱ्याचे म्हणणे, ताबा गेला तर हा स्वच्छतेचा मानी प्राणी स्वतःच्या घाणीत बसेल, आणि ते त्याला कळेल. तीन आठवडे घरात हाच विषय होता. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला सांगतो की कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, क्रोधवश नावाचे गण त्यांचे पुण्य हरण करतात. युधिष्ठिर हटत नाही, आणि मग तो कुत्रा धर्म म्हणून प्रकट होतो. वर्गात आम्ही येथे थांबतो. या दिवसांत मात्र आमच्या लक्षात आले की त्या प्रकट होण्याने युधिष्ठिराची फार मोठी सुटका झाली. स्वर्गात त्याला त्या कुत्र्याच्या १३व्या, १४व्या वर्षाचा निर्णय करावा लागला नाही.

सेमिनरी हिल्सवर १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; २००० साली स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा ते आता भाग आहे. तेथे सोन्याला दाखवले. आतून बोटाने तपासणी झाली, गाठ नाही. कॅल्शियम ठीक, मूत्रपिंडे वयाच्या मानाने बरी. ठरले ते असे: दोन खेपांतील अंतर तीन आठवड्यांच्या आत आले, किंवा तपासणीत काही कठीण लागले, तर शस्त्रक्रिया, तोवर हातमोजे. दर तीन महिन्यांनी आतली तपासणी डॉक्टरांकडून. हा निर्णय आम्हां दोघांनाही पूर्ण पटलेला नाही, आणि बहुधा म्हणूनच तो टिकला आहे.

मागच्या खेपेस अंतर ३८ दिवसांचे होते. स्राव पातळ. काम आटोपल्यावर सोन्या अंग झटकून, मागे न पाहता, कूलरसमोर जाऊन आडवा झाला. आईंनी खोलीतूनच विचारले, "झालं का त्याचं?" पूर्वी त्या हा प्रश्न कोणाविषयीही, मोठ्याने, असा विचारू शकत, आणि आम्ही संकोचत असू. "झालं, आई," असे आम्ही दोघांनी एकदमच, तितक्याच मोठ्याने सांगितले.