लाकडी बैलाचा बोजारा

तान्हा पोळ्याची वर्गणी मागायला पोट्टे आले की मी त्यांना दारातूनच परत पाठवायचो, आणि तेही भाषण देऊन. ‘शेतकरी मरून राहिला अन् तुम्ही लाकडाच्या बैलाला बेगड लावता?’ हे माझं ठरलेलं वाक्य. पोट्टे दहा-बारा वर्षांचे. ‘हाव काका’ म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे. त्या वाक्याची मला आज लाज वाटते असं नाही. त्यामागचा राग खरा होता, आणि तो अजून गेलेला नाही. पण त्या रागाच्या भरात सण, थट्टा, हसणं या सगळ्यांबद्दल मी जे मत करून घेतलं होतं, ते आता माझं राहिलेलं नाही.

माझी नोकरी बँकेतली, आणि बहुतेक सगळी पीककर्जाच्या टेबलावरची. वर्धा जिल्ह्यातच गावं बदलत ती झाली. 2005-06 चा शेतकरी आत्महत्यांचा काळ ज्यांनी इथे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. डोरलीच्या लोकांनी अख्खं गाव विकायला काढल्याची पाटी लावली, ती त्याच सुमारास. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि सहावा आमचा वर्धा. त्याच दौऱ्यात ते वायफडला येऊन गेले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी राज्य सरकारची मदत जायची एक लाखाची: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवणार. शेत नावावर होतं का, कर्ज बँकेचं होतं की आणखी कुणाचं, वसुलीचा तगादा होता का. एका माणसाचं जाणं चार रकान्यांत बसवायचं, आणि बसलं नाही तर मदत नाही. 2008 साली केंद्राची कर्जमाफी आली तर तिला दोन हेक्टरांची अट. आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे सात-आठ एकर असतात आणि पिकतं मात्र दोन एकराइतकं. तो कागदावर ‘इतर शेतकरी’ ठरला आणि पूर्ण माफीतून वगळला गेला. हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. समोरचा माणूस ‘जी साहेब’ म्हणायचा आणि निघून जायचा.

अशी दुपार काढून घरी जाताना रस्त्यात बँड, गुलाल आणि चाकांवरचे बैल आडवे आले की माझं डोकं फिरायचं.

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. श्रावण अमावास्येचा तो मोठा पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे, त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं. सणाच्या दिवशी नवी येसण, नवा कासरा, शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, आणि गावातल्या सगळ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या करायच्या. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, हाच पोळा लेकरांचा. तो तान्हा पोळा. बैल लाकडाचा, पायाखाली चाकं, गळ्यात दोरी. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. लेकरं धोतर-पागोटं घालून, मिशा रंगवून बैल मिरवतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैल घेऊन दारी येणाऱ्याला द्यायचा मान: पैसे, खाऊ, जे असेल ते. मोठ्या पोळ्याला तो गड्याला मिळतो, दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांना.

सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा तर शंभरावर वर्षांचा. तिथले काही नंदी पोरांच्या डोक्यावरून उंच असतात आणि ओढायला बापाला हात लावावा लागतो. नागपूर-वर्धा मार्गावरच्या एरवी गप्प असणाऱ्या या गावात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. त्याच सकाळी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी मारबत एकोणिसाव्या शतकापासूनची. त्यांच्या मागे बडगे, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, कुठला तरी पुढारी यांचे पुतळे. आमच्या खेड्यांत एवढा थाट नसतो. पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या पहाटे उचलायच्या आणि खोकला, ताप, डास, सगळ्यांना गावाबाहेर जायला सांगत शिवेपलीकडे टाकून यायच्या. डास जातात की नाही ते विचारू नये.

यात चीड येण्यासारखं काय होतं? सांगतो. पोळा येतो तेव्हा शेतकऱ्याचा खिसा वर्षातला सर्वांत रिकामा असतो. बियाणं झालं, खत झालं, फवारण्या झाल्या; सोयाबीन शेंगेवर, कापूस पात्या-फुलांवर, आणि पैसा अजून दोन महिने लांब. कृषी केंद्राची उधारी वहीत चढत असते. अशा वेळी पुरण घालायचं, बेगड आणायची, पोराच्या बैलाला रंग द्यायचा. माझ्या मते ही फसवणूक होती, आणि तीही स्वतःचीच. जो हसतो त्याला आपलं दुःख पुरतं कळलेलं नाही, असा माझा हिशेब. शिवाय मी गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यातला. इथल्या शिकलेल्या माणसाला गंभीर राहणं हे कर्तव्य वाटतं. त्याच गांधीजींनी 1921 साली ‘यंग इंडिया’त लिहून ठेवलं आहे की विनोदबुद्धी नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता. ते माझ्या वाचनात फार उशिरा आलं.

पहिला तडा गेला तो आखरावर, आणि मी तिथे स्वखुशीनं गेलो नव्हतो. मॅनेजरसाहेबांनी पोळ्याच्या गर्दीत बँकेचा बॅनर लावायला धाडलं होतं. मी काठी धरून उभा आणि झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे यमक जुळवून म्हटलेल्या दोन-चार ओळी. एका बाजूनं एक जण म्हणणार, शेवटी महादेवाचा गजर, मग दुसऱ्या बाजूचा उत्तर देणार. जुन्या पाठ असतात, नव्या तिथल्या तिथे जुळतात. मालकाचा चिक्कूपणा, कापसाचा भाव, सरपंचाचा रस्ता, कुणाची म्हणून सुटका नाही. त्या दिवशी एका म्हाताऱ्या गड्यानं माझ्या बॅनरकडे पाहिलं आणि झडती घातली. मतलब असा की बँक आता बैलाचाही अंगठा मागते, बैलाला दोन जामीनदार लागतात, आणि जामीन राहायला गाढवं तयार आहेत, पण त्यांचा सातबारा नाही. अख्खा आखर हसला. बॅनर खाली ठेवावा की वर धरावा ते मला समजेना. जून महिन्यात माझ्या टेबलापुढे मान खाली घालून बसलेला एक शेतकरी शेजारीच होता. त्यानं पाठीवर थाप मारली. ‘साहेब, मनावर नका घेऊ. पोळा हाये.’

त्या रात्री मला राग आला नाही, याचंच आश्चर्य वाटलं. म्हाताऱ्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं. जामीनदारांची ती अट मीच शेकडो लोकांना तोंडपाठ सांगितली होती आणि कुणी एकानंही मला ‘हे चूक आहे’ म्हटलं नव्हतं. बँकेत येऊन म्हणणार कसं? पुढच्या हंगामाचं कर्ज माझ्याच सहीनं मिळणार. आखरावर मात्र ते बोलता येतं, सगळ्या गावाच्या साक्षीनं आणि तोंडावर, आणि ऐकणाऱ्याला रागावायची सोय नसते. मी ज्याला दुःखावरचं पांघरूण समजत होतो तिथे तर तक्रारीचा पाढाच वाचला जात होता. माझ्या टेबलापुढे आलं नाही ते तिथे ऐकायला मिळालं. तेव्हापासून मी पोळ्याला मुद्दाम जायला लागलो. वर्गणी मात्र देत नव्हतो. लाकडी बैलाचं मला अजून पटायचं होतं.

ते पटलं एका घरी. घरधनी गेल्याला पाच-सहा महिने झाले होते. ठेवीच्या कागदावर सही घ्यायला मी गेलो आणि नेमका तान्हा पोळा. ज्या घरी वर्षात माणूस गेलं तिथे सण धरत नाहीत. पुरण शिजलं नव्हतं, दाराला तोरण नव्हतं. शेजारीपाजारी यायचं टाळत. त्यात दुष्टावा नव्हता, काय बोलावं ते सुचत नसे एवढंच. मीही कागद पुढे सरकवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो. तेवढ्यात चार-पाच पोट्टे बैल ओढत अंगणात. ‘काकू, बोजारा!’ एका बैलाचं शिंग मोडलेलं, तिथे खडूचा तुकडा चिकटवलेला. म्हातारी सासू त्यांना हाकलायला उठली, पण सून आधी उठली. तिनं लेकीला हाक मारून बैलांना कुंकू लावायला लावलं. मग त्या खडूच्या शिंगाच्या धन्याला विचारलं, ‘काय खाते रे तुहा बैल?’ ‘कुरकुरे.’ ‘अन् वखर वढते का?’ ‘नाही न काकू, आम्हीच त्याले वढतो.’

ती हसली. तोंडाला पदर लावून, पण चांगली हसली. डब्यातून काढून प्रत्येकाच्या हातावर दहा रुपये ठेवले. पोट्टे गेल्यावर मला म्हणाली, ‘तलाठी आला पंचनाम्यासाठी, पुढारी आले फोटोसाठी, तुम्ही आले सहीसाठी. हे आले दहा रुपयासाठी, पण हसवून तरी गेले.’

आमच्याकडे सांत्वनाला जाणारा माणूस जिभेवर ओझं घेऊन जातो. पोट्ट्यांना काही म्हणायचं नव्हतं. त्यांच्या लेखी ते रांगेतलं आणखी एक घर होतं, आणि बोजारा घेताना घर सोडायचं नसतं. कुणाच्या दारी जावं आणि कुणाच्या नाही याचा विचार करायची मुभाच ही प्रथा देत नाही. माझ्यासारख्या विचार करणाऱ्यांपेक्षा ती त्या दुपारी जास्त उपयोगी पडली. पुढच्या वर्षी पोट्टे वर्गणीला आले तेव्हा मी पैसे दिले आणि भाषण दिलं नाही. ते बिचारे भाषणाची वाट पाहत थोडा वेळ उभे राहिले.

ऑगस्ट 2020 मध्ये कोरोनानं पोळा घरातच राहिला. आखर मोकळा, लेकरांनी बैल आपापल्या अंगणातच फिरवले. नागपुरात मारबतीची मिरवणूक नाही. जिच्या पाठी रोगराई बांधून गावाबाहेर घालवायची, ती नेमकी रोगराईच्या वर्षीच निघाली नाही, यावर आमच्या गल्लीत बरेच विनोद झाले. पण दिवसभरात दार वाजलं नाही. नागपूरच्या दवाखान्यातून जवळची माणसं परत न आलेली घरं तेव्हा ओळखीत होती, आणि त्यांच्याकडे कुणी मोठं माणूस जाऊ शकत नव्हतं, छोटंही नाही.

मत बदललं म्हणजे सगळंच गोड लागायला लागलं असं समजू नये. झडतीनं कापसाचा भाव वाढत नाही. 2017 ला गुलाबी बोंडअळी आली, 2023 ला सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, तेव्हा पोळा झाला होता आणि होणारच होता. नुकसान व्हायचं तेवढं झालं. कर्जाच्या अटींबद्दल माझं जे म्हणणं होतं ते आजही तेच आहे. काळ्या मारबतीचंही मला खटकतं. इंग्रजांना सामील झाल्याच्या आरोपावरून भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी ती जोडली जाते. एका बाईचा पुतळा शतकाहून जास्त काळ दरवर्षी जाळताना त्यातली थट्टा कुठे संपते हे कुणीतरी विचारायला हवं. आणि अलीकडचे तान्हे पोळे पाहिले की धास्ती वाटते. आमदारांच्या फोटोचे फलक, सायकलींची बक्षिसं, ‘सर्वांत मोठा नंदी’ची चुरस. ज्याच्या बापाला मोठा नंदी परवडतो त्याचं पोर मंचावर, आणि खडूचं शिंग लावणारं गर्दीच्या मागे. डीजेच्या भिंतीपुढे झडती तर कुणाला ऐकूच येत नाही. ज्यांना झडतीत आपलं नाव नको असतं, त्यांनीच डीजेचे पैसे दिलेले असतात, असा माझा संशय आहे. पुरावा मागू नका.

खऱ्या जोड्या कमी होत चालल्यात, हेही आहेच. आर्वी-कारंजाकडची गवळाऊ म्हणजे आमच्या जिल्ह्याची स्वतःची जात, पांढरी, चपळ. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते आणि आखरावर तोरणाखाली मोकळी जागा उरते. पुष्कळ लेकरांना लाकडी बैल आधी भेटतो, खरा नंतर. यावर गळा काढणारे खूप आहेत. मी त्यांच्यात नाही. बैल परवडत नाही म्हणून ज्यानं विकला, त्याच्या पोराच्या हातात दोरी आहे, हे मला पुरेसं वाटतं.

तेव्हा मंडळवाल्यांना माझं सांगणं एवढंच: यंदा झडत्यांच्या वेळी डीजे तासभर बंद ठेवा, आणि आम्हा बँकवाल्यांना, तलाठ्यांना, पुढाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवा. आणि बाकीच्यांनो, तान्हा पोळ्याच्या दुपारी घरी राहा, सुटे पैसे काढून ठेवा. तुमच्या गल्लीत ज्या घरी यंदा माणूस गेलं असेल, ते घर मोठी माणसं पोट्ट्यांना चुकवायला लावतात. लावू नका. त्यांना तिकडे जाऊ द्या.