वारा कुठल्या घड्याळाचा

परदेशातल्या चौकात शिल्प उभं करायचं तर कस्टमच्या आधी वारा आडवा येतो. तोही दर देशात वेगळ्या घड्याळाने मोजलेला. आपल्या आयएस ८७५ या मानकात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. हा तीन सेकंदांचा झोत. युरोपच्या मानकाचा, युरोकोडचा, वारा दहा मिनिटांच्या सरासरीचा. जर्मनीच्या नकाशात २५ दिसतं आणि आपला माणूस ‘मुंबईच्या निम्म्यावरच की!’ म्हणून खूश होतो. मोकळ्या मैदानात त्याच सरासरीच्या पोटात जवळपास दीडपट झोत दडलेला असतो.

अमेरिकेचं आणखी निराळं. झोत तीन सेकंदांचाच, पण २०१० पासून त्यांच्या नकाशात नेहमीच्या इमारतीसाठीही सरासरी ७०० वर्षांत एकदा येणारा वारा धरलेला. आपल्याकडे ५० वर्षांतला. म्हणजे त्यांचा आकडा आधीच वाढवून दिलेला. त्यावर सवयीने आपला सुरक्षिततेचा दीडाचा गुणक लावला की एकाच वाऱ्याचे दोनदा पैसे. पाया फुगतो, आणि शिल्पकाराने नाजूक ठेवलेलं मनगट पैलवानाचं होतं.

शिल्पावर लोक चढणार असतील तर नियमाच्या लेखी तो जिनाच. कठड्याच्या जाळीतून चार इंची गोळा जाता कामा नये, हा अमेरिकेतला नियम. लहान मुलाच्या डोक्याचा हिशोब. आमच्या शेडमध्ये गोळा कुठला? कुणीतरी ‘चार इंची’ पीव्हीसी पाइपचा तुकडा जाळीभर फिरवला. कुठेच शिरला नाही. चहा झाला. मग मी व्हर्नियर लावला : पाइप बाहेरून ११० मिलिमीटर. चार इंच म्हणजे १०१.६. अर्धी जाळी पुन्हा वेल्डिंगला.

कागदपत्रांचंही असंच. प्लेट कापली की हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, दुसऱ्या तुकड्यावरही पंच करायचा. घाईत राहिला, तर तो तुकडा अनाथ. पोलाद तेच, पण चाचणीच्या दाखल्याशी नातं तुटलं. असा ढीग एका कोपऱ्यात पडून आहे. त्याची बाकडी होतील.

ऊन-थंडीचा हिशोब बघायचा तर शिकागोचं ‘क्लाउड गेट’. शिल्पकार अनिश कपूर, जन्म मुंबईचा, मुक्काम लंडनचा. १६८ स्टेनलेस प्लेटा, लांबी सुमारे २० मीटर, वजन १०० टनांच्या घरात, आणि हे सगळं छतावर : खाली रेस्टॉरंट, पार्किंग. सांधा एकही दिसायला नको. पण तिथल्या हिवाळ्या-उन्हाळ्यात ६५ अंशांचा फरक धरला, तर २० मीटर स्टेनलेस दोनेक सेंटिमीटर लांबतं-आखडतं. फट ठेवायची सोय नाही. म्हणून आतली कडी आणि बाहेरचं कवच एकमेकांना न अडवता हलतील अशी जोडणी केली. लोक त्यात आपला चेहरा बघतात. मला ती जोडणी बघायची आहे.

आणि लोकांनी चढायचं शिल्प बघायचं तर न्यूयॉर्कचं ‘व्हेसल’. ते इटलीत मोन्फाल्कोने इथे घडलं आणि तुकड्यातुकड्यांनी समुद्रमार्गे आलं. ४६ मीटर उंच, १५४ जिने. २०१९ मध्ये खुलं झालं. कठडा नियमात बसत होता. वरून उड्या मारून माणसं गेली, तेव्हा २०२१ मध्ये ते बंद करावं लागलं. २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं ते पोलादी जाळ्या लावून.