अण्णांसाठी दुर्बीण

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला खरेदी शिकवावी लागत नाही, असा आपल्याकडे समज आहे. माल हातात घ्यावा, डोळ्यांनी पारखावा, भाव ऐकून चेहरा कोरा ठेवावा आणि मगच तोंड उघडावे, हे बाळकडू आपल्याला दुकानाच्या गादीवरच मिळते. आमच्या घरी तीन पिढ्या सांगलीत हळदीची अडत आहे. हळकुंड मोडून आतला रंग पाहावा, दोन हळकुंडे एकमेकांवर वाजवून ती नीट वाळली आहेत की नाही हे कानांनी ओळखावे, एवढी विद्या मला लहानपणीच मिळाली. तरीही गेल्या वर्षी वडिलांसाठी दुर्बीण घेताना मला नव्याने विद्यार्थी व्हावे लागले.

अण्णांची जुनी दुर्बीण जपानी बनावटीची होती. तरुणपणी मुंबईला मालाच्या वसुलीसाठी गेले असताना त्यांनी ती घेतली. सौदे नसतील त्या दिवशी पहाटे उठून हरिपूरच्या संगमावर जायचे आणि कृष्णा-वारणेच्या काठचे पक्षी पाहायचे, हा त्यांचा एकमेव शौक. पिंजऱ्यातला पोपट त्यांनी घरात कधी येऊ दिला नाही. ‘पाखराला कळूही नये की आपण त्याच्याकडे पाहतो आहोत, असे पाहावे,’ असे ते म्हणत. त्यासाठी दुर्बिणीसारखे दुसरे साधन नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले. दुर्बीण माडीवर होती; तिला पाण्याचा थेंबही लागला नाही. परंतु पाणी ओसरल्यावरही भिंतींतली ओल कित्येक आठवडे हटली नाही आणि त्या दमट हवेत दुर्बिणीच्या आत बुरशी धरली. पुढे अनेक वर्षे अण्णांनी ती तशीच चालवली. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, हाताला कंप सुटला, आणि संगमावर जाणे हळूहळू बंद पडले. पाय थकले असे ते सांगत. मात्र बाजारात जायला ते थकत नसत, हे आम्ही सगळे पाहत होतो.

पुण्यातल्या एका वयस्क कारागिराला मी ती दुर्बीण दाखवली. त्याने उजेडासमोर धरून मला आत पाहायला सांगितले. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे पसरले होते. बुरशी पुसता येते, पण भिंगावरचा पातळ लेप तिने एकदा खाल्ला की तो डाग जन्माचा, असे तो म्हणाला. शिवाय एका नळीतला लोलक जागेवरून किंचित सरकला होता. दोन नळ्या एका रेषेत नसल्या की दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दिसतात. ती जुळवता जुळवता डोळे शिणतात आणि डोके दुखू लागते. ‘दुरुस्तीचे पैसे घेईन, पण तुमच्या वडिलांना समाधान मिळेल याची हमी देणार नाही,’ असे सांगून त्याने दुर्बीण परत केली. आलेले गिऱ्हाईक खरे बोलून परत पाठवणारा माणूस भेटला, याचे मला बरे वाटले.

नव्या दुर्बिणीचा विषय काढताच अण्णांनी तो एका वाक्यात मिटवला. ‘मला त्र्याऐंशी चालू आहे. भांडवल घालताना मुदत पाहावी. मी ती किती दिवस वापरणार?’ घरात एक असताना दुसरी घेणे हा परिग्रह, हेही वर होतेच. या हिशेबाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी वाद घातला नाही. चौकशी मात्र सुरू ठेवली.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. ८×३२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर. पहिला आकडा जितका मोठा तितका माल चांगला, ही समजूत मात्र खोटी आहे. हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. दहापटीच्या दुर्बिणीत कापऱ्या हाताला फांदीवरचा पक्षी स्थिर दिसतच नाही. एका दुकानात तर खेळण्याएवढ्या दुर्बिणीवर शंभरपटीचा आकडा छापलेला होता. आपल्या बाजारात पोत्यावरच्या शिक्क्यावर भरवसा ठेवून कोणी सौदा करत नाही; इथेही तोच नियम.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. जुनी दुर्बीण ७×५० होती. तिचे वर्तुळ सात मिलिमीटरचे. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढी मोठी होते. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते, मग जास्तीचा प्रकाश डोळ्याच्या बाहेरच सांडतो आणि त्यासाठी किलोभर वजन मात्र गळ्यात वागवावे लागते. ८×३२ चे वर्तुळ चार मिलिमीटरचे, आणि वजन जवळजवळ निम्मे. म्हाताऱ्या डोळ्यांना आणि मानेला तेच सोयीचे. चष्मा लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. भिंगापासून डोळा पंधरा-सोळा मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. नाहीतर चष्मा काढ-घाल करण्यात पक्षी उडून जातो. आत कोरडा नायट्रोजन वायू भरून बंद केलेली दुर्बीण असेल, तर आपल्या पावसाळ्यात बुरशीची भीती पुष्कळ कमी होते.

एवढी माहिती गोळा झाल्यावर एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही पुण्यास गेलो. अण्णांना मी दुकानात नेले, ते ‘नुसते पाहू’ या अटीवर. दुकानदाराने चार दुर्बिणी काचेच्या पेटीवर मांडल्या आणि त्या पायरीवर नेऊन पाहण्याची मुभाही दिली. अण्णांनी एकही डोळ्याला लावली नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नमुन्याचे एक मोडलेले हळकुंड काढले आणि माझ्या मुलीच्या हाती देऊन, रस्त्यापलीकडच्या कठड्यावर ठेवून यायला सांगितले. मग पायरीवरच्या खांबाला कोपर टेकवून चारही दुर्बिणींतून त्यांनी ते हळकुंड पाहिले.

पहिल्या दुर्बिणीची भिंगे माणकासारखी लाल चकाकत होती. ती दिसायला सर्वांत देखणी. तिच्यातून हळकुंड हिरवट दिसते असे अण्णा म्हणाले. दुकानदाराने हसून ते मान्य केले. तांबडा प्रकाश भिंगावरूनच परत फिरतो, म्हणून आत येणारा रंग निळा-हिरवा होतो. दुसरीत कडेची अक्षरे पसरत होती. तिसरी जड निघाली. चौथी, ८×३२ ची, त्यांनी बराच वेळ खाली ठेवली नाही. ‘हा राजापुरीचा रंग,’ एवढेच ते बोलले. पन्नास वर्षे हळदीचा रंग पाहून भाव ठरवणाऱ्या माणसाची ती पावती होती. किंमत अठरा हजार. ‘किती दिवस वापरणार’ हा प्रश्न त्या वेळी त्यांनी विचारला नाही. मीही त्याची आठवण करून दिली नाही.

डिसेंबरात आम्ही संगमावर गेलो. उथळ पाण्यात बदकांची एक जोडी चरत होती. नुसत्या डोळ्यांना ती तपकिरी ठिपक्यांसारखी दिसत होती. अण्णांनी चाक फिरवले आणि दुर्बीण नातीच्या हाती दिली. बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी लाल ठिपका. म्हणूनच त्याला हळदी-कुंकू बदक म्हणतात, हे त्यांनी तिला सांगितले. हळदीच्या अडतीवर वाढलेल्या त्या मुलीला हे नाव माहीत नव्हते. नंतर तासभर दुर्बीण दोघांमध्ये फिरत राहिली.

घरोघरचे ज्येष्ठ नव्या चष्म्याला, कानातल्या यंत्राला, गुडघ्याच्या उपचाराला असेच नकार देतात, आणि तेही आपल्याच भाषेत, मुदतीच्या आणि परताव्याच्या. आपण तो त्यांचा संयम समजतो. कित्येकदा तो संयम असतोही. पण मागण्याचा संकोच त्याच शब्दांत बोलतो, हे अण्णांनी ती चौथी दुर्बीण खाली ठेवायला लावलेल्या वेळाने मला सांगितले. अशा ठिकाणी वाद घालण्यापेक्षा वस्तू त्यांच्या हाती द्यावी. पारख ते स्वतः करतात.

जुनी दुर्बीण आम्ही मोडीत काढलेली नाही. तिच्या उजव्या नळीतून अजून बरे दिसते, आणि आजोबा नवी सोडत नाहीत तेव्हा माझी मुलगी एक डोळा मिटून तिच्यातूनच पाहते.