अहवालात न मावलेलं

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर पदवीला फील्ड प्रोजेक्ट आला. घोलवडच्या चिकूवाडीत मुलं फोटो काढतात, अहवालाला स्पायरल बाइंडिंग करतात, क्रेडिट पदरात पाडून घेतात. अनुभव आला, शिकणं झालंच असं नाही. अनुभवातून शिकणं कसं घडतं, याचा पुरावा जवळच, कोसबाडच्या टेकडीवर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ‘आईबापांना कदर नाही’ असा शेरा मारून हात झटकता आले असते. त्यांनी कारण शोधलं आणि बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे काम कोसबाडला आल्यावर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा थेट कुरणात भरली.

तसंच मुलांनीही अहवालात न मावलेले प्रश्न आणि अंदाज एका वहीत लिहावेत. प्राध्यापक विचारतील, मनातल्या विचारांना मार्क कसे द्यायचे? देऊच नयेत. मार्क लागले की मुलं पश्चात्तापही कॉपी-पेस्ट करतील! नुसतं आत्मपरीक्षण पुरत नाही, हा आक्षेप मात्र खरा. फळ का गळलं याबद्दलचा आपला अंदाज बागायतदारापुढे ठेवल्याशिवाय तपासला जात नाही. म्हणून वहीतला प्रश्न घेऊन त्याच वाडीत दुसऱ्यांदा जायची सोय वेळापत्रकात हवी, आणि बहुतेक कॉलेजांचं घोडं तिथेच अडतं.