ओळखीची हाक
सार्वजनिक सेवेतील नवा विचार राजधानीतच जन्मतो, असे आपण गृहीत धरतो. मला मात्र गडचिरोली आठवते. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून घडवले. नवजात बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने येथील नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर पोहोचू लागली. शास्त्र डॉक्टरांजवळ होते. पण बाळंतिणीचे दार उघडत होते, ते गावातल्याच ओळखीच्या हाकेला. म्हणूनच मला वाटते, योजना आखण्याआधी माणसे जोडली गेली पाहिजेत.