इराण्याचे चित्र

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवा छंद लावून घेऊ नये, असे आमच्या घरात माझ्याखेरीज सर्वांचे मत आहे. त्यामुळे सुटीत मी जलरंगांची पेटी आणली तेव्हा, "भिंतींना तेवढे डाग पाडू नका!" एवढेच आमची सौ. म्हणाली.

विषय मात्र मनात ठरलेला होता. धोबी तलावावरचे कयानी. इराणातील यझ्द-केरमानकडच्या झरथुष्ट्री मंडळींनी मुंबईला जी चहाची दुकाने दिली, त्यांतले हे १९०४ सालचे. उंच छत, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, तांबड्या चौकड्यांची मेजे आणि काचेच्या बरण्यांत बिस्किटे.

बारावीनंतर वडिलांनी मला येथेच बोलावले होते. ते कचेरी सुटल्यावर तडक आले. तेथून चालत पंधरा मिनिटांवर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथला अर्ज माझ्या खिशात होता. वडिलांनी चहा आणि बन-मस्का मागवला आणि शांतपणे सांगितले, की चित्रांनी पोट भरत नाही. मी पुढे एम. ए. झालो, मराठी शिकवू लागलो. तसे बरे चालले आहे. पण तो बन-मस्का घशात अडकला, तो वडील गेले तरी खाली उतरला नाही.

जलरंगाची एक अट असते. पांढरा रंग मागाहून द्यायचा नसतो. जे पांढरे हवे, तेवढा कागद आधीच कोरा राखायचा. म्हणून कुंचला भिजवण्यापूर्वी मेजावर कप किती, बश्या किती, हे ठरवावे लागते. मी माझ्यापुढे कप काढला, बशी काढली. वडिलांपुढे काढायला गेलो आणि पेन्सिल थबकली. त्यांच्यापुढे काहीच नव्हते. "तू खा. माझं घरीच झालंय," असे ते म्हणाले होते.

घरी? ते तर कचेरीतून तडक आले होते! रागाच्या भरात एवढी साधी गोष्ट मला तेव्हा उमगली नाही. उमगायला पंचवीस वर्षे आणि एक रंगपेटी लागली.

चित्र पुरे झाले. खुर्च्यांचे पाय जरा तिरकेच आले. सौ.ने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मामंजींपुढे काहीच कसे नाही?"

म्हटले, "त्यांचं घरीच झालंय."