आजोबांची शाळा

आमच्या कोपरखैरण्याच्या शाळेतली मुलं कवायतीला कुरकुरली, की मी त्यांना माझ्या आजोबांच्या 'शाळे'ची गोष्ट सांगते.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ साली आजोबा बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात भरती झाले. उजाडायच्या आत बिगुल! अंथरुणाची घडी, मग धावणं, मग कवायत. या पलटणीची चाल भारी जलद. पाय सुजून यायचे. पुढे रायफल खोलायची, पुसायची, पुन्हा जोडायची. संध्याकाळी हजेरी.

आणि मधेच चक्क अक्षरओळख! तेव्हा जवानांना रोमन लिपीतून उर्दू शिकवत. कधी पाटी न धरलेल्या आजोबांनी पहिलं अक्षर गिरवलं ते विसाव्या वर्षी. मराठी मात्र येईना. घरचं पत्र ते सोबत्याकडून लिहून घेत : 'मी खुशाल आहे.'

सगळेच खुशाल परतले नाहीत. याच पलटणीचे, शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आजोबा परतले. पुढे माझे वडील पहिलीत गेले, तेव्हा त्यांच्याच पाटीवर आजोबा मराठी मुळाक्षरं शिकले.